एकाच हातचे घड्याळ

मनगटावरचे घड्याळ कोणी केले, असे आपण कधी विचारीत नाही. ते एका माणसाने केलेलेच नसते. १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भांडवल’ ग्रंथात मार्क्सने श्रमविभागणी समजावून देण्यासाठी मुद्दाम घड्याळाचे उदाहरण घेतले. न्यूरेंबर्गच्या एका कारागिराची जी संपूर्ण कृती होती, ती पुढे किती हातांत वाटली गेली, याची त्याने भलीमोठी यादी दिली आहे. स्प्रिंग करणारा निराळा, तबकडी करणारा निराळा, काटे करणारा निराळा. स्वित्झर्लंडच्या जुरा पर्वतातील खेड्यांत असे कामगार आपापला तुकडा घडवीत. १८७२ मध्ये क्रोपोटकिन त्यांच्यात राहून आला, तो त्यांच्या स्वतंत्र बाण्याने भारावून गेला. बाणा स्वतंत्र खराच. पण पुरे घड्याळ त्यांतल्या बहुतेकांच्या हातून निघत नव्हते. आपल्याकडे जन्मभर एकाच खात्यात राबलेला गिरणी कामगार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचा अर्थ सांगावयास नको.

हे वाटले गेलेले काम पुन्हा एका हातात गोळा करणारा माणूस विसाव्या शतकात निघाला, तो इंग्लंडात. जॉर्ज डॅनियल्सचा जन्म १९२६ चा. घर दरिद्री, भावंडे पुष्कळ. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि गाद्यांच्या कारखान्यात नोकरी लागली. पुढे सैन्यात असताना तो सोबत्यांची घड्याळे दुरुस्त करी. सैन्यातून सुटल्यावर दिवसा घड्याळ-दुरुस्ती आणि संध्याकाळी लंडनच्या क्लार्कनवेल भागातील रात्रीचे वर्ग, असा त्याचा क्रम होता. रात्रवर्गांतून शिकलेल्या माणसाविषयी मला पक्षपात आहे, तो आपण चालवून घ्यावा.

दुरुस्तीच्या निमित्ताने त्याच्या हाती ब्रेगेची जुनी घड्याळे येऊ लागली. अब्राहम-लुई ब्रेगे हा १७४७ साली न्यूशातेल येथे जन्मलेला आणि पॅरिसला नावारूपास आलेला घड्याळजी. राजेरजवाडे त्याचे गिऱ्हाईक. नेपल्सच्या राणीने १८१० मध्ये त्याच्याकडे मनगटी घड्याळ मागितल्याची नोंद आहे. तबकडीवर यंत्राने कोरलेली बारीक नक्षी, सडपातळ काटे आणि अनावश्यक असे काहीच नाही, ही त्याची शैली. ती घड्याळे उघडता-जोडता डॅनियल्सला ब्रेगेचे मन कळू लागले. १९६९ मध्ये त्याने त्याच वळणाचे पहिले स्वतःचे खिशातले घड्याळ पुरे केले. पेटी, तबकडी, काटे, चाके, स्क्रू सुद्धा, एकट्याने आपल्या कार्यशाळेत.

साल लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच १९६९ च्या डिसेंबरात जपानच्या सीको कंपनीने क्वार्ट्‌झचे मनगटी घड्याळ बाजारात आणले. बॅटरीवर चालणारे, आणि वेळ दाखविण्यात कोणत्याही स्प्रिंगच्या घड्याळाहून सरस. पुढच्या पंधरा-वीस वर्षांत स्विस घड्याळधंद्यातील सुमारे ९० हजार कामगारांपैकी सुमारे ३० हजारच उरले. इतिहासकार याला संकट म्हणून मोकळे होतात. मी एवढेच विचारीन की, ज्या माणसाला आयुष्यभर एकच चकती घासावयास लावले, तो चकतीची गरज संपल्यावर कोठे जाणार?

डॅनियल्सने याला उत्तर दिले ते यंत्रातच. स्प्रिंगची शक्ती टिकटिक करीत टप्प्याटप्प्याने सोडणारी जी जुनी रचना, तिच्यात धातू माणकावर घसरतो, म्हणून तेल लागते. तेल जुने झाले की घड्याळ बिघडते. सत्तरीच्या दशकात त्याने घसरण कमी करणारी नवी रचना काढली. स्विस कारखानदारांकडे ती घेऊन तो वर्षानुवर्षे खेटे घालीत राहिला.

दरम्यान १९८१ मध्ये त्याने आपली सारी विद्या एका पुस्तकात मांडली. कारागीर गुपित उघड करतो, हे मला त्याच्या शोधाइतकेच मोठे वाटते. बोल्टन गावच्या रॉजर स्मिथ नावाच्या तरुणाने त्या पुस्तकावरून स्वतःच्या हाताने एक घड्याळ केले आणि डॅनियल्सला नेऊन दाखविले. ते हातचे केलेले दिसते, ते तसे दिसता कामा नये, असा शेरा मिळाला. शेरा कठोर होता; पण धंद्यातल्या माणसाने धंद्यातल्या माणसाला दिलेला होता. स्मिथने पुन्हा पाच वर्षे घातली. १९९७ मध्ये दुसरे घड्याळ पुढे ठेवले तेव्हा म्हातारा एकेक भाग दाखवून हा कोणी केला म्हणून विचारीत गेला, आणि प्रत्येक वेळी उत्तर आले, मीच. मग त्याने त्याला घड्याळजी म्हणून मान्य केले. पुढे स्मिथ आइल ऑफ मॅन बेटावर स्वतःच्या नावाची मनगटी घड्याळे करू लागला. वर्षाला ती इतकी थोडी निघतात की ती धनवंतांच्याच मनगटावर जातात. असल्या घड्याळाचे भाग घडविणाऱ्याला ते परवडत नाही, ही ब्रेगेच्या काळची रीत येथेही सुटलेली नाही.

डॅनियल्सची ती रचना अखेर १९९९ मध्ये ओमेगा कंपनीने बाजारात आणली. २०११ साली तो वारला. एकट्याच्या बाकावर जुळलेली ती रचना आज कारखान्यात हजारोंनी तयार होते. चाक एकाकडे, माणिक दुसऱ्याकडे, जोडणी तिसऱ्याकडे.