कुलाब्याची चुंबकसूची आणि ध्रुवप्रकाश

ता. २ सप्टेंबर १८५९ रोजीं मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंतील चुंबकसूची विलक्षण अस्वस्थ झाली. नोंदी तेव्हां डोळ्यांनीं वाचून हातानें लिहाव्या लागत. निरीक्षकांनीं तासातासाचा नेम मोडून दर कांहीं मिनिटांनीं आंकडे टिपले. पृथ्वीचें क्षितिजसमांतर चुंबकबल सुमारें १,६०० नॅनोटेस्लांनीं उतरलेलें त्यांत दिसतें. त्याच वादळांत क्यूबापर्यंत ध्रुवप्रकाश दिसला. ४ फेब्रुवारी १८७२ च्या वादळांत तर तो खुद्द मुंबईंत दिसल्याची बातमी छापून आली.

सूर्याकडून येणाऱ्या विद्युद्भारित कणांच्या झोतानें पृथ्वीचें चुंबकावरण खवळतें. त्याचा एक परिणाम सूचीवर होतो, दुसरा आकाशांत. तेथें 'कोरस' नांवाच्या लहरी उठतात. ध्वनियंत्रांतून त्या पहांटेच्या पक्ष्यांच्या किलबिलीसारख्या ऐकूं येतात. याच लहरी इलेक्ट्रॉनांना वातावरणांत लोटतात, आणि ध्रुवाकडचा प्रकाश कांहीं सेकंदांच्या तालावर उजळतो, मावळतो. जपानच्या 'आरासे' उपग्रहाच्या वेधांवरून हें २०१८ सालीं प्रत्यक्ष दाखविलें गेलें.

मुंबईकरांच्या वांट्यास मात्र बहुधा सूचीच. तीहि येऊं घातलेल्या विजेच्या ट्रामगाड्यांनीं बिघडली असती, म्हणून नानाभाई मूस यांच्या कारकीर्दींत, १९०४ सालीं, चुंबकीय वेध अलिबागेस नेले. पन्नासांहून अधिक वर्षांची मालिका तुटूं नये यासाठीं दोन्ही ठिकाणीं कांहीं काळ एकदमच नोंदी घेतल्या. अंधेरी-बोरिवलीची निवड झाली असती, तर १९२८ सालीं विजेची आगगाडी तेथेंहि येऊन ठेपलीच होती!