वेड्यांच्या इस्पितळाबाहेरचा रुग्ण : भारतातील चिंताविकृतीच्या आकलनाचा इतिहास

प्रस्तावना

काळजी हा मनुष्यस्वभावाचा भाग आहे. पाऊस लांबला, परीक्षा जवळ आली, घरातील कोणी आजारी पडले, म्हणजे काळजी वाटते आणि कारण संपले की ती ओसरते. मात्र पुरेसे कारण नसताना भीती दीर्घकाळ टिकून राहते, छाती धडधडते, झोप उडते आणि दैनंदिन व्यवहार अडू लागतात, तेव्हा तिला मानसशास्त्रात ‘चिंताविकृती’ असे संबोधले जाते. अशा व्यक्तीचे वास्तवाचे भान सुटलेले नसते. आपली भीती अवाजवी आहे हेही पुष्कळदा तिला कळत असते.

भारतातील मानसिक आरोग्याचा इतिहास बहुधा वेड्यांची इस्पितळे व त्यांविषयीचे कायदे यांच्या अनुषंगाने सांगितला जातो. त्या इतिहासात या रुग्णाला फारशी जागा मिळालेली नाही. ही जागा का मिळाली नाही आणि पुढे ती कोणत्या मार्गाने निर्माण झाली, याचा शोध घेणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

पारंपरिक आकलन

प्राचीन भारतीय वैद्यकात मनाच्या सर्व विकारांना एकाच मापाने मोजलेले दिसत नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात काम, क्रोध, शोक, भय इत्यादींबरोबर चित्तोद्वेगाची गणना मानस विकारांत केलेली आहे. उन्मादाचा विचार मात्र निदानस्थानात व चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्यायांत येतो. सूत्रस्थानात अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह करणारी ‘सत्त्वावजय’ ही चिकित्सेची स्वतंत्र पद्धतीही सांगितली आहे. चित्तोद्वेग म्हणजेच आजची चिंताविकृती, असे समीकरण मांडणे इतिहासदृष्ट्या योग्य ठरणार नाही. परंतु उद्विग्न मन आणि उन्मत्त मन या दोन भिन्न अवस्था होत, ही जाण त्या वर्गीकरणात स्पष्ट आहे.

मराठी भाषेतही हा भेद टिकून राहिला. घोर लागणे, धास्ती घेणे, जीव टांगणीला लागणे, धसका बसणे हे वाक्प्रचार वेडाहून निराळ्या अवस्था सांगतात. तथापि त्या अवस्थांवर उपाय करणारी व्यक्ती वैद्याइतकीच घरातील वडीलधारी, पुजारी अथवा देवऋषी असे.

वसाहतकालीन कायदा

इंग्रजी राजवटीतील कायद्याने हा भेद पुसून टाकला. १८५८ च्या वेड्यांच्या इस्पितळांविषयीच्या कायद्याचा मुख्य रोख भटकणाऱ्या वा धोकादायक समजल्या जाणाऱ्या व्यक्तींना ताब्यात घेऊन इस्पितळात ठेवण्यावर होता. त्यानंतरच्या १९१२ च्या भारतीय वेडेपणाविषयक कायद्यातही दाखल करण्याच्या प्रक्रियेचे केंद्र दंडाधिकाऱ्याचा आदेश हेच राहिले. स्वेच्छेने दाखल होण्याची तरतूद या कायद्यात होती. परंतु ज्या इमारतीच्या नावाशी वेडाचा कलंक जोडला गेला होता, तेथे भान शाबूत असलेला मनुष्य आपणहून जाण्याची शक्यता थोडीच होती.

ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांचा इतिहास या संदर्भात बोलका आहे. ‘याला ठाण्याला पाठवा’, ‘येरवड्याला न्या’ हे थट्टेचे प्रयोग मराठीत रूढ झाले आणि गावांची नावे वेडाचा पर्याय बनली. परिणामी मानसिक त्रास सांगणे म्हणजे आपण वेडे असल्याची कबुली देणे, असे समीकरण जनमानसात रुजले. १९२० च्या दशकाच्या प्रारंभी सरकारदरबारी या संस्थांना मनोरुग्णालये म्हटले जाऊ लागले. समीकरण मात्र बदलले नाही.

पाश्चात्त्य वैद्यकातील नामकरण

याच काळात पाश्चात्त्य वैद्यकात इस्पितळाबाहेरच्या रुग्णाकडे लक्ष वेधले जात होते. १८६९ मध्ये जॉर्ज बिअर्ड या अमेरिकन डॉक्टराने मज्जासंस्थेच्या थकव्याला ‘न्यूरॅस्थेनिया’ ही संज्ञा रूढ केली. १८७१ मध्ये जेकब दा कोस्टा यांनी अमेरिकन यादवी युद्धातील सैनिकांमध्ये आढळलेल्या धडधड, छातीतील वेदना व थकवा या लक्षणांचे वर्णन प्रसिद्ध केले. १८९५ मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी चिंतेच्या लक्षणसमूहाला न्यूरॅस्थेनियापासून वेगळे काढून स्वतंत्र नाव दिले. अशा रीतीने हृदयाचा किंवा नसांचा समजला जाणारा आजार क्रमाने मनाचा ठरला.

१९८० मध्ये अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘चेतापदशा’ ही व्यापक कोटी मागे पडली आणि तीव्र भीतीचे झटके, सर्वसाधारण चिंताविकृती इत्यादी प्रकार निश्चित निकषांसह स्वतंत्रपणे मांडले गेले.

सर्वसाधारण रुग्णालयाचे दार

भारतात या नव्या आकलनाला आधार मिळाला तो मनोरुग्णालयापेक्षा सर्वसाधारण रुग्णालयात. कलकत्त्यात १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणारे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९३३ मध्ये तेथील कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग सुरू केला. १९३८ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात असा विभाग निघाला. या घटनेचे महत्त्व केवळ वैद्यकीय नाही. ताप किंवा पोटदुखी असलेला मनुष्य ज्या दारातून आत जातो, त्याच दारातून घाबरलेला मनुष्यही जाऊ लागला. त्यासाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागत नव्हता आणि नावाला कलंकही लागत नव्हता.

१९४६ च्या भोर समितीच्या अहवालावरून या बदलाची निकड ध्यानात येते. सुमारे ४० कोटी लोकसंख्येच्या देशात मनोरुग्णालयांतील खाटा सुमारे १०,००० होत्या. म्हणजे ४०,००० लोकांमागे एक. इंग्लंडमध्ये हे प्रमाण सुमारे ३०० लोकांमागे एक होते.

पुढे मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० व १९७० च्या दशकांत पातंजल योगातील संकल्पनांवर आधारित उपचारपद्धती चेतापदशेच्या व मनोकायिक विकारांच्या रुग्णांवर वापरून तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९६० मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड आणि १९६३ मध्ये डायझेपाम ही औषधे पाश्चात्त्य बाजारात आली. त्यांच्या प्रसारामुळे चिंतेवरील उपचार सामान्य डॉक्टराच्याही आवाक्यात आले. त्याबरोबर औषधाची सवय लागण्याचा नवा प्रश्नही उभा राहिला.

कायद्यातील परिवर्तन

१९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम सुरू झाला आणि प्राथमिक आरोग्यसेवेत मानसोपचाराचा समावेश करण्याचे धोरण स्वीकारले गेले. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने ‘वेडा’ हा शब्द काढून ‘उपचारांची गरज असलेली व्यक्ती’ ही कल्पना आणली. तरीही त्याचा बराचसा भाग दाखल करणे व घरी सोडणे याविषयीचाच होता. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार मिळणे हा हक्क मानला. त्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत वास्तवाचे भान सुटण्याबरोबरच जीवनातील सामान्य गरजा पार पाडण्याच्या क्षमतेस गंभीर बाधा येण्याचाही समावेश आहे. १८५८ मध्ये धोका हा निकष होता. २०१७ मध्ये त्रास हा निकष झाला.

कायदा बदलला म्हणून अंतर मिटले असे मात्र नाही. निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक विकारांच्या बाबतीत उपचारांपासून वंचित राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळले. या १२ राज्यांत महाराष्ट्राचा समावेश नव्हता.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, चिंताविकृती भारतीय समाजास अपरिचित नव्हती; तिला भाषेत नाव होते, वैद्यकात स्थान होते. वसाहतकालीन व्यवस्थेने मनाच्या आजाराची ओळख ‘धोकादायक वेडा’ या एकाच प्रतिमेशी बांधली आणि जो धोकादायक नव्हता तो रुग्ण व्यवस्थेला दिसेनासा झाला. त्याची परिस्थिती पालटण्यात कायद्याआधी सर्वसाधारण रुग्णालयातील बाह्यरुग्ण विभागाचा वाटा मोठा आहे. हा धडा शिक्षणसंस्थांनाही लागू पडतो. महाविद्यालयातील समुपदेशन कक्ष ग्रंथालय वा कार्यालयाइतकाच नित्याच्या वाटेवर असेल, तर वर्गात उभे राहताना हातपाय गार पडणारा विद्यार्थी तेथवर पोहोचू शकेल. तो कक्ष एखाद्या कोपऱ्यात, ‘बिघडलेल्यां’साठी राखून ठेवला, तर जुन्या इस्पितळाचीच भिंत नव्याने उभी राहील.