योगाभ्यासाचा पोशाख

योगाभ्यासाचा पोशाख : आसने, सूर्यनमस्कार, प्राणायाम व शवासन करताना घालावयाचे, हालचालीला मोकळे पण अंगावरून न घसरणारे कपडे. त्यासाठी ठरावीक गणवेश नाही. पुरुष साधक परंपरेने लंगोटावर किंवा आखूड चड्डीवर अभ्यास करीत. जुन्या ग्रंथांना अंगावरच्या वस्त्रापेक्षा बैठकीची काळजी अधिक. गीतेच्या सहाव्या अध्यायात दर्भ, मृगाजिन व वस्त्र अशी बैठक सांगितली आहे. ज्ञानेश्वरीतही त्या ठिकाणी धुतलेल्या वस्त्राची घडी येते.

पोशाखाचा नेमका विचार पुण्यात झाला. योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये तेथे आले. ‘लाइट ऑन योगा’ (१९६६) या त्यांच्या ग्रंथातील छायाचित्रांत अंगावर आखूड चड्डीखेरीज काही नाही. १९७५ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेत मांडीशी इलॅस्टिकने आवळलेली, वर फुगीर चड्डी रूढ झाली. परदेशी साधक तिला पुण्याच्याच नावाने ओळखतात. गुडघ्याची वाटी वर ओढली गेली की नाही, मांडी कुठे वळली, हे शिक्षकाला दिसले पाहिजे, हे तिचे कारण. शिवाय शीर्षासनात ती मांडीवरून घसरत नाही.

नांदेड जिल्ह्यातील भोकरसारख्या तालुक्याच्या गावात मैदानावर वा सभागृहात चारचौघांसमोर अशी चड्डी घालणे अवघड, आणि तिची गरजही नाही. सैल पायजमा, ट्रॅक पँट, सलवार यांवर काम उत्तम भागते. खरी अडचण कापडाच्या किमतीत नसून मियानीत, म्हणजे दोन पाय जुळतात तिथल्या जोडात असते. मियानी अरुंद असली की मालासनात शिवण उसवते आणि वीरभद्रासनात पाऊल पुढे जात नाही. शिंप्याला तिथे चौकोनी ठिगळ जास्तीचे लावायला सांगावे. तयार कपडा घेताना दुकानातच उकिडवे बसून, हात वर करून आणि पुढे वाकून पाहावे. वाकल्यावर पाठ उघडी पडली तर तो कपडा परत ठेवावा. कंबरेचे इलॅस्टिक पोटावर वळ उठवत असेल तर कपालभातीत पोट नीट हलत नाही. नेफ्यात नाडी असलेली बरी, फक्त तिची गाठ बाजूला घ्यावी, नाहीतर भुजंगासनात ती पोटात रुतते. सैल टी-शर्ट सर्वांगासनात तोंडावर येतो, म्हणून तो आत खोचावा. ओढणी काढून ठेवावी. लांब मंगळसूत्रही सर्वांगासनात गळ्याकडे घसरते. मोजे काढावेत, नाहीतर पाऊल घसरते.

नऊवारी लुगड्याचा काष्टा पाय मोकळे ठेवतो. सहावारी साडीत मात्र बैठी आसने, प्राणायाम आणि फार तर ताडासन एवढेच जमते. स्त्रियांनी वर्गासाठी पंजाबी ड्रेस पत्करला, त्यामागे फॅशनपेक्षा हे कारण मोठे आहे.

कापड : आंतरराष्ट्रीय योग दिनाच्या सरकारी योग अभ्यासक्रमात हलक्या, आरामदायी सुती कपड्यांची शिफारस आहे. सुती कापड नांदेडच्या भागाला नवे नाही. नांदेड एके काळी मलमलीसाठी प्रसिद्ध होते, आणि ‘नांदेड-४४’ हे कापसाचे संकरित वाण येथील संशोधन केंद्रातलेच. सामान्य आर्द्रतेच्या हवेत सूत आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के ओलावा धरते, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. म्हणून मराठवाड्याच्या उन्हाळ्यात प्राणायामाला सुतीच बरे. पण जलद सूर्यनमस्कारांत तेच कापड घामाने भिजून जड होते. अशा वेळी थोडे इलॅस्टिक धागे मिसळलेला सुती होजिअरीचा कपडा सोयीचा. घट्ट लेगिंग गुडघा दाखवते, परंतु निव्वळ कृत्रिम धाग्याची असेल तर घाम अंगावरच राहतो. जीन्स खुब्याची हालचाल अडवते, ती वर्ज्य.

कोरे सुती कापड धुतल्यावर आटते, त्यामुळे बेतण्यापूर्वी भिजवून वाळवावे. शवासनात शरीर थंडावते. हिवाळ्यातल्या पहाटेच्या वर्गात सोबत चादर किंवा शाल ठेवावी. बकासनासारख्या हातांवर तोललेल्या आसनांत गुळगुळीत कापड दंडावरून निसटते, तेव्हा पायजमा गुडघ्याच्या वर सरकवून घेतात.