पॉटरचा गोऱ्हा आणि अजिंठ्याचे बैल

जनावर, शेत, गुराखी डोळ्यांना दिसतात तसे रंगवणं ही युरोपची, त्यातही डचांची विद्या. आपल्याकडे ती इंग्रजांच्या कलाशाळांबरोबर आली. अजिंठा म्हणजे ध्यानातलं, मनातलं रूप. हे मत छत्रपती संभाजीनगरातही, म्हणजे अजिंठ्याच्या उंबरठ्यावर, सर्रास ऐकू येतं. ते रुजवलं भारतीय कलेच्या कैवाऱ्यांनीच. इथल्या कलावंताला हुबेहूब काढता येत नाही, या आक्षेपाला उत्तर देताना विसाव्या शतकाच्या आरंभी हॅवेल यांच्यासारख्यांनी सांगितलं की त्याचा तो हेतूच नव्हता. आक्षेप होता तिथेच राहिला, त्याला गुणाचं नाव मिळालं इतकंच. हा पूर्वपक्ष मला दोन्ही बाजूंनी अमान्य आहे.

आधी डच बाजू. पाउलुस पॉटरने 1647 मध्ये, जेमतेम एकविशीत रंगवलेला गोऱ्हा हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. चित्राची रुंदी जवळपास 3.4 मीटर. अंगावर माश्या, जमिनीवर शेण, झाडाआड गुराखी, आभाळात चंडोल. यापेक्षा खरं काय असायचं? पण जाणकारांनी तपासलं तेव्हा त्याचे अवयव एका वयाच्या जनावराचे निघाले नाहीत. पॉटरने पुष्कळ गुरं न्याहाळून त्यांतून एक गोऱ्हा घडवला. वास्तवदर्शी म्हणून ज्याची साक्ष काढतात तो बैल कुठल्याच गोठ्यात नव्हता.

आता पहिल्या लेण्यातली बैलांची झुंज पाहा. झुकलेली डोकी, ताणलेली मान, सगळा भार पुढे लोटणारं वशिंड. पोळ्याला बैल सजवणाऱ्या कुणालाही ते अंग ओळखू येईल. ते नुसतं ध्यानातून येत नाही, त्यासाठी बैलांजवळ उभं राहावं लागतं. अजिंठ्यात क्षितिज नाही, जमिनीवर पडलेली सावली नाही, हे खरं. पण सावली ही चित्र रचण्याची एक रीत झाली. ती नाही म्हणून निरीक्षणही नाही, हे कसं ठरतं? विष्णुधर्मोत्तर पुराणातलं चित्रसूत्र तर चित्राच्या प्रकारांत ‘सत्य’ हा प्रकार पहिला धरतं आणि ते लोकसादृश्याशी जोडतं.

मला सर्वांत बळकट वाटतो तो पुरावा दुसऱ्या लेण्यातला. तिथे 23 हंस आहेत आणि प्रत्येकाची मान, पंख, पावलं निराळी. हंस हा काव्यातला पक्षी, असं आपण धरून चालतो. फोगेल या डच पंडितानेच भारतीय साहित्यातल्या आणि कलेतल्या हंसावर, 1962 मध्ये प्रसिद्ध झालेलं, अख्खं पुस्तक लिहून दाखवलं की हा पक्षी म्हणजे गूज, युरोपातला लांब मानेचा स्वॉन नव्हे. डोक्यावर काळे पट्टे असलेले गूज आजही हिवाळ्यात पैठणच्या नाथसागरावर उतरतात. दुसरं लेणं पाहून आलात की एकदा तिथे पहाटे जा आणि त्यांच्या माना बघा.