शहापुरातली स्प्रिंग

मंडळी, ही आठवण बेळगावची, आमच्या शहापुरातली. साल १९७८.

धाकटे काका रेडिओ दुरुस्त करायचे. मोडीतल्या रेडिओंचे भाग काढून त्यांनी माझ्या दादासाठी गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर बांधला. ईएल ८४ व्हॉल्व्ह, आवाज खणखणीत, पण कोरडा. सिनेमातली गिटार घुमायची, आमची काही घुमेना.

मोठ्या जागेत आवाज भिंतींवर आपटून थोडा उशिरा परत येतो, त्यालाच आपण घुमणं म्हणतो. आमची खोली दहा बाय दहा. हाच प्रश्न आमच्या कितीतरी आधी शिकागोच्या लॉरेन्स हॅमंड यांना पडला होता. त्यांचा विजेवरचा ऑर्गन १९३५ साली बाजारात आला. चर्चमध्ये तो भरदार वाजायचा, घरच्या पडदे-गालिच्यांत मात्र बसका वाटायचा. लांब पल्ल्याच्या टेलिफोनवर आवाज उशिरा पोचतो, त्याचा अभ्यास करायला बेल प्रयोगशाळेत स्प्रिंग वापरली होती. हॅमंडनी तीच युक्ती उचलली. पुढे १९६१ मध्ये फेंडर कंपनीने गिटारसाठी वेगळी रिव्हर्बची पेटी काढली आणि १९६३ मध्ये ती अ‍ॅम्प्लिफायरच्या आतच बसवली.

तसली पेटी आमच्याकडे कुठली मिळणार? काकांनी चार इंची स्पीकरचा कागद कापून टाकला आणि मधल्या कॉइलला फूटभर बारीक स्प्रिंग अडकवली. दुसरं टोक जुन्या ग्रामोफोनच्या क्रिस्टल पिकपला. ईसीएल ८२ व्हॉल्व्ह स्प्रिंग हलवायचा. पिकपमधून येणारा क्षीण आवाज ईसीसी ८३ मोठा करायचा आणि मूळ आवाजात मिसळायचा. पहिल्या दिवशी नुसती घूंऽऽ! पिकपला जाळीची वायर घातल्यावर ती थांबली.

मग दादाने एकच तार छेडली. खोली देवळाच्या सभामंडपाएवढी झाली! पण मागून खटक-खटक, खटक-खटक. शेजारी यंत्रमाग होता, त्याचा हादरा भिंतीतून थेट स्प्रिंगमध्ये. काका हसून म्हणाले, "हिला माग पण ऐकू यायलाय की रे!" सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या कापून त्यांनी पेटी अधांतरी टांगली. खटखट कमी झाली, पण पुरती गेली नाही.

बेळगावचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. दोन पावसाळ्यांत ओल लागून पिकपचा क्रिस्टल गेला. दादा नोकरीला लागला, काकाही आता नाहीत. शेजारचा मागही केव्हाच बंद पडला.

राहिली ती एक कॅसेट. पूर्वी ती लावली की मागाची खटखट ऐकून आम्ही वैतागायचो. परवा लावली, तर गिटार बाजूलाच राहिली. आई म्हणाली, "तो माग ऐकायला ये की जरा." सगळे गप्प बसून तोच ऐकत होतो.

तुमच्या घरात कुणी असं काही बांधलं असेल, तर जरूर लिहा.