कुंभारीण, अळी आणि एक जुना दृष्टान्त

अलिबाग-रेवदंड्याकडील नारळीपोफळींच्या वाड्यांत ज्याचें बालपण गेलें आहे, त्याला कुंभारीण माशीची ओळख करून द्यावयास नको. ओटीवरील तुळईला ती ओल्या मातीचें बोळक्यासारखें घरटें करते, हिरव्या अळ्या आणून आंत कोंबते आणि तोंड लिंपून निघून जाते. कांहीं आठवड्यांनीं तें बोळकें फुटून आंतून माशी बाहेर पडते. आंत गेली अळी, बाहेर आली माशी! एवढें पाहून आमच्या पूर्वजांनीं ठरविलें कीं, भयभीत अळी भृंगीचेंच अखंड ध्यान करतां करतां तद्रूप होते. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधांत अवधूतानें आपल्या चोवीस गुरूंत या माशीलाही बसविलें, त्याच स्कंधावरील आपली टीका एकनाथांनीं शके १४९५ (इ. स. १५७३) मध्यें काशीस पूर्ण केली.

हा दृष्टान्त ऐकून हंसणाऱ्या आमच्या विज्ञाननिष्ठ मित्रांशीं आमचें जमत नाहीं. निरीक्षणांत खोट नव्हती. मधल्या दिवसांत बोळकें कोणी फोडलें नाहीं, इतकेंच. आणि चूक काय एकट्या आपल्याच वांट्याला आली? भुंगेऱ्यांची शिकार करणाऱ्या गांधीलमाशीच्या बिळांत भक्ष्य ताजें राहतें, हें पाहून लेऑं द्युफूर या फ्रेंच पंडितास वाटलें कीं, माशीचें विष प्रेताला मसाल्यासारखें टिकवितें. १८५५ त झां आन्री फाब्रनें दाखविलें कीं, तें प्रेतच नव्हे. प्राणी जिवंत असतो, फक्त त्याची हालचाल गेलेली असते. मात्र माशीची ही शस्त्रक्रिया कधींच चुकत नाहीं, असा फाब्रचा आग्रह होता. तोही टिकला नाहीं. अमेरिकेंतील पेकहॅम दांपत्यानें १८९८ त नोंदविलें कीं, कित्येक भक्ष्यें मरतातही, आणि माशीचीं पिलें तींही खाऊन वाढतात.

विषाचा हिशेब त्याहून विस्मयकारक आहे. मधमाशीचें विष पोळें राखण्यासाठीं. त्यांतील कोरड्या भागाचा सुमारें निम्मा वांटा मेलिटिन या २६ अमिनो आम्लांच्या साखळीचा. तें पेशींचीं आवरणें फोडतें, म्हणून आग होते. अळीवर जगणाऱ्या ब्रॅकॉन माशीचें विष अगदीं निराळें. मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा निरोप तेवढा तें तोडतें. हृदय व आंतडें चालूंच राहतात. मधाच्या पोळ्यांचा नाश करणाऱ्या मेणकिड्याच्या अळीवर प्रयोग करून बीअर्ड यानें १९५२ त अंदाज काढला कीं, अळीच्या रक्ताच्या २० कोटी भागांत विषाचा एक भाग पुरतो!

वाडीवाल्याला याचें कौतुक व्यवहारामुळेंही आहे. नारळाचीं पानें कुरतडणाऱ्या काळ्या डोक्याच्या अळीवर गोनिओझस नांवाची अशीच एक इवलीशी माशी सोडतात. ती पानांच्या जाळींत शिरून अळीला नांगी मारते, लुळी झालेल्या अळीच्या अंगावर अंडीं घालते आणि पिलें त्या अळीवरच पोसतात. येथें मातीचें बोळकें नाहीं. उघड्या झावळीवर सारें दिसतें.