जुनी नाव

१९९३च्या पावसाळ्यात मणिबेलीत सरदार सरोवराचं पाणी शिरलं. तोवर नर्मदेला आम्ही नदीच म्हणायचो. उन्हाळ्यात उतार शोधून पलीकडे गुजरातेत सोयऱ्यांकडे जायचो. मग तिचं तळं झालं. अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली ३३ गावं बुडितात आली. पाडे डोंगरावर, वाटा पाण्याखाली.

म्हणून आम्ही चौघांनी मिळून जुनी नाव घ्यायचं ठरवलं. नवीची ऐपत कोणाची? विकणारा सारखा रंगच दाखवत होता. माझ्या मामांनी तिकडे पाहिलंही नाही. नाव काठावर उलटी करायला लावली आणि दगडाने एकेक फळी ठोकत गेले. टणक वाजलं की पुढे, भद्द वाजलं की थांबायचं. सांध्यात सुरीचं टोक खुपसलं. खिळ्याभोवती काळा डाग दिसला की आत लाकूड सडलेलं, हे मला तेव्हा कळलं. दोन फळ्या बाद निघाल्या, तेवढे पैसे कमी झाले. ताज्या रंगाच्या नावेवर माझा अजूनही विश्वास नाही.

२०१९ला धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरलं. नाव बांधायचं झाडही तेव्हा बुडालं. आता ती वरच्या सागाला बांधतो.